बेसी स्मिथचा अख्खा संच: रडगाणी समजून घ्यायला जाऊ नका

ब्लूज म्हटलं की आपल्याकडं दोन प्रकारची माणसं भेटतात, एक ज्यांना वाटतं हे काहीतरी रात्री ग्लास समोर ठेवून ऐकायचं दुःखी इंग्रजी गाणं आहे, आणि दुसरी गिटार शिकलेली पोरं, ज्यांच्या लेखी ब्लूज म्हणजे गिटारचा सोलो आणि बाकी सगळं गाणं म्हणजे त्या सोलोची वाट बघत बसणं. दोघांनीही हा संच ऐकावा, कारण यात गिटार जवळजवळ नाहीच आणि रडणं तर त्याहून कमी.

संच म्हणजे काय ते आधी सांगते. बेसी स्मिथ या अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज गायिकेनं कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी १९२३ ते १९३१ मध्ये १६० गाणी रेकॉर्ड केली, मग १९३३ साली आणखी चार, आणि संपलं. ती सगळी पाच भागांत, दर भागात दोन सीड्या, अशी १९९१ ते १९९६ मध्ये बाजारात आली. मी घेतला तो सेकंडहँड, येता येता दोन डब्यांचे कोपरे कुणी फोडले देव जाणे, सीड्या मात्र शाबूत. आता सीडी प्लेअर कुणाच्या घरी राहिलाय म्हणा, आमचा माळ्यावरनं काढून पुसून घेतला, ज्यांच्याकडं नाही त्यांनी फोनवर ऐकावं, बहुतेक गाणी तिथंही सापडतात. फक्त 'बेस्ट ऑफ' छापाचं काही लावू नका. त्यात गाजलेली पंधरावीस भरलेली असतात आणि बेसीची गाजलेली गाणी बरेचदा दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत. तिनं स्वतः लिहिलेली गाणी वेगळी काढून एकापाठोपाठ ऐका, मग कळतं ही बाई काय चीज होती ते, माझं तरी सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

थोडी माहिती, म्हणजे पुढचं कळेल. जन्म १८९४ चा धरतात, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं चॅटनूगा गाव, आईबाप लहानपणीच गेले, भाऊ गिटार वाजवणार आणि ही रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून गाणार, असं पोट भरलं. १९१२ साली गावोगाव फिरणाऱ्या एका कंपनीत लागली, तीही नाचायला म्हणून, गायला नाही, कारण गायला तिथं मा रेनी होती आणि मा रेनीसमोर तेव्हा कुणी उभं राहत नव्हतं. मग दहाएक वर्षं तंबू, थिएटर, पुन्हा तंबू. १९२० साली मेमी स्मिथ नावाच्या (नातं काही नाही, आडनाव तेवढं एक) गाणारीची ब्लूजची रेकॉर्ड धडाक्यात खपली तेव्हा कंपन्यांना शोध लागला की काळी माणसंसुद्धा पैसे देऊन रेकॉर्ड घेतात. घेणारच की. त्यानंतर तीन वर्षांनी बेसीचा नंबर लागला.

आता आवाजाच्या क्वालिटीबद्दल, कारण पहिली सीडी लावल्यावर घरातले विचारतातच, हे काय भजी तळायला ठेवलीस काय. १९२५ च्या उन्हाळ्यापर्यंतची जवळजवळ सगळी गाणी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायलेली आहेत, माईक नव्हताच. कर्ण्यात जेवढं शिरेल तेवढंच तबकडीवर. त्यामुळं पियानो लांबच्या खोलीत वाजतोय असं वाटतं आणि बेसी मात्र आपल्या समोर, कारण तिचा आवाज त्या कर्ण्यात मावत होता कुठं. मग मे १९२५ मध्ये कोलंबियानं माईक लावून रेकॉर्डिंग सुरू केलं, खोलीत आवाज घुमू नये म्हणून कुणा इंजिनिअरनं स्टुडिओत छताला कापडाचा भलामोठा तंबू टांगला, आणि गाणं चालू असताना तो सगळ्या वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर कोसळला. आयुष्य तंबूत काढलेल्या बाईच्या अंगावर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तंबू पडावा! असो. जुन्या तबकड्यांची खरखर या संचात बरीचशी ठेवलीय, मला ते बरंच वाटलं, जास्त घासूनपुसून घेतलं की गाणाऱ्याचा श्वास पण पुसला जातो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. दुसऱ्या भागात 'सेंट लुई ब्लूज' आहे, १४ जानेवारी १९२५ चं. गाणं डब्ल्यू. सी. हँडीचं, १९१४ सालचं, तोवर शंभर जणांनी वाजवून चोथा केलेलं. इथं साथीला फक्त दोघं. कॉर्नेटवर (फुंकून वाजवायचं, ट्रंपेटसारखं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग, पुढं जॅझमधला सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, तेव्हा तेवीस वर्षांचा पोरगा. आणि फ्रेड लाँगशॉ नावाचा गृहस्थ, जो एरवी पियानो वाजवतो, तो इथं वाजवतोय पेटी. होय, पेटी, हार्मोनियम, पायपेटी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तिका बाजूला ठेवून गाणं परत पहिल्यापासून लावलं. आमचं बेळगाव पेटीवाल्यांचं, पं. रामभाऊ विजापुरेंचं, मी स्वतः चार वर्षं शिकून सोडलेली, त्यामुळं गाणाऱ्यामागं पेटी कशी असावी यावर आमच्याकडं गल्लीतला माणूसही मत देतो. तर ऐका, लांबलचक सुरुवात नाही, सूर भरला की बेसी लगेच सुरू, संध्याकाळी सूर्य बुडताना बघवत नाही असं काहीतरी ती म्हणते, आणि म्हणते ती इतक्या संथपणे की दुसरी कुणी असती तर तेवढ्यात ओळ संपवून पुढच्या ओळीला लागली असती. पेटी तिच्या मागं धावत नाही. नुसती सूर धरून बसलीय, जमीन असते तशी. ओळ संपली की मोकळ्या जागेत आर्मस्ट्राँग उत्तर देतो, कधी तिचंच वाक्य पुढं नेतो, कधी जरा आगाऊपणा करतो, आणि ती पुढची ओळ अशी उचलते की तो पोरगा गप्प. संगत हा प्रकार काय असतो हे शिकवायला एवढं तीन मिनिटांचं पुरे आहे.

आणि गंधार बघा तिचा. ना धड कोमल ना धड शुद्ध. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठंतरी तो आहे आणि ती दर वेळी तिथं वेगळ्या वाटेनं पोचते, कधी खालनं सरकत, कधी वरनं टाकून. मागं पेटीचा सूर ठाम उभा असल्यामुळं ते सरकणं जास्तच ऐकू येतं. आपल्याकडं पेटीत मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला दारात उभं केलं नाही, आणि इकडं ही बाई त्याच पेटीच्या ठोकळेपणाचा उपयोग करून घेतीय. मला तर वाटतं त्या वादातल्या सगळ्या पंडितांना हे एक गाणं ऐकवायला हवं होतं.

बेसीवर लिहिणारे सगळे आवाजाच्या ताकदीबद्दल लिहितात. सम्राज्ञी म्हणतात तिला, एम्प्रेस ऑफ द ब्लूज. माईकशिवाय अख्खं थिएटर भरून टाकायची वगैरे. ते खरंच असणार, पण ताकद हा काय गुण झाला का, ताकद आमच्या भाजीमार्केटात पण मिळते. मला तिचा मोठा गुण वाटतो तो शब्द. इंग्रजी आपलं बेताचं, त्यात ते शंभर वर्षांपूर्वीचं दक्षिणेकडचं काळ्या माणसांचं इंग्रजी, तरी तिचा शब्द कळतो, एक ना एक. ती स्वर लावायला शब्द मोडत नाही. दमसास संपत आला म्हणून शब्द गिळत नाही. शब्द कुठं थांबवायचा आणि त्यातलं कुठलं अक्षर जड करायचं हे ती बोलणाऱ्या माणसासारखं ठरवते, गाणाऱ्यासारखं नाही. पट्टाही फार मोठा नाही, बऱ्याच गाण्यांत चारपाच सुरांतच फिरते, वर जाऊन टाळ्या घ्यायचा सोस नाही. एका रेकॉर्ड कंपनीनं, तीही काळ्या मालकाचीच, तिला सुरुवातीला फारच रांगडी म्हणून परत पाठवलं होतं. किस्सा असा सांगतात की गाता गाता मध्येच थांबून म्हणाली, थांबा जरा, थुंकून येते. झालं.

बाईचा आवाज कसा असावा हे बाकीच्यांनी ठरवलेलं असतं, इथंही आणि तिथंही. आमच्या पलीकडं धारवाड-हुबळीला गंगूबाई हनगल, घशाच्या ऑपरेशननंतर आवाज खाली उतरला, लोकांनी पुरुषी म्हटलं, आणि त्याच आवाजात त्या साठ वर्षं गायल्या. बोलायलाही तशाच. पुरुष मुसलमान असला की उस्ताद होतो, हिंदू असला की पंडित होतो, केसरबाई-मोगूबाई मात्र शेवटपर्यंत बाईच राहतात, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. गाणं बेसीशी अर्थात काहीच संबंध नसलेलं, किराणा घराण्याचं. पण आवाजाची माफी न मागण्याची तऱ्हा एक. (पहिल्या रेकॉर्डांवर गंगूबाईंचं नाव गांधारी हुबळी असं छापलं होतं, नावसुद्धा कंपनीच ठरवणार.)

तिसऱ्या भागात 'बॅक वॉटर ब्लूज' आहे. फेब्रुवारी १९२७. हे बेसीनं स्वतः लिहिलेलं, साथीला एकटा जेम्स पी. जॉन्सन पियानोवर. गाणं पुराचं आहे. रेकॉर्ड बाजारात आली आणि काही आठवड्यांत मिसिसिपीला तो प्रचंड पूर आला, लाखो माणसं बेघर, त्यामुळं सगळ्यांना वाटलं बाईनं त्या पुरावरच लिहिलं, पण तारखा बघितल्या तर गाणं आधीचं आहे, अभ्यासक १९२६ च्या नाताळातल्या नॅशव्हिलच्या पुराशी त्याचा संबंध जोडतात.

हे मी आत्याला ऐकवलं. आत्या निपाणीकडची, वेदगंगेच्या काठाजवळ घर, २०१९ च्या ऑगस्टात यमगर्णीला हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडची वाहतूक बंद पडली तेव्हा तिच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. इंग्रजीचा गंध नाही. मी ओळ थांबवून थांबवून सांगत होते, पाच दिवस पाऊस, भर दिवसा अंधार, मग कुणीतरी होडी घेऊन आलं, मी कपडे गोळा केले आणि बसले, मग उंच टेकाडावर जाऊन उभी राहिले आणि खाली जिथं राहत होते त्या घराकडं बघितलं. आत्या म्हणाली, "ही रडंना झालीया गं पोरी." मी म्हटलं हो ना, तेच तर. तर म्हणते, "रडून कुठं चालतंय. तलाठी पंचनाम्याला आला की असंच सांगावं लागतंय, किती पाणी आलं, कुठवर आलं, काय गेलं. रडली तर तो लिहून घेत न्हाई."

यापेक्षा चांगलं परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही. जबानी आहे ती. देवाला हाक नाही, नशिबाला दोष नाही, माझ्यावर दया करा असा सूर नाही. काय झालं ते सांगतीय, आणि शेवटी एवढंच की आता गरिबाला जायला जागा उरली नाही. जॉन्सनचा डावा हात खाली पाण्यासारखा घुमतोय, मध्येच वीज पडल्यासारखा उजवा हात येतो, आणि तिचा आवाज त्यातनं सरळ चाललाय. स्पष्टवक्तेपणा म्हणजे आपल्याकडं जरा मोठ्यानं बोलणं, चारचौघांत कुणाला तरी झापणं असं समजतात. बेसीचा स्पष्टवक्तेपणा हा असा आहे, जे आहे ते आहे तेवढंच, ना कमी ना जास्त.

'यंग वुमन्स ब्लूज' पण तिसऱ्याच भागात, ऑक्टोबर १९२६, हेही तिचंच. सकाळी उठते तर तिचा माणूस निघून गेलेला, उशीवर चिठ्ठी. इथवर वाटतं आता बाई रडणार. तर ती म्हणते मी तरुण आहे, मला इतक्यात लग्न करायचं नाही, एका जागी बसायचं नाही, कुणी मला उनाड म्हणो की आणखी काही म्हणो. रंग गडद आहे हेही त्यात ठणकावून सांगते, त्या काळात काळ्यांच्यातसुद्धा उजळ रंगाच्या पोरींनाच स्टेजवर पुढं उभं करायचे हे लक्षात घेतलं तर त्या ओळीचं वजन कळतं. कॉर्नेटवर जो स्मिथ आहे (पुन्हा नातं नाही), आणि मला बेसीच्या मागं आर्मस्ट्राँगपेक्षा हाच जास्त आवडतो, आगाऊपणा करत नाही, तिच्या आवाजाला आवाज लावून बोलतो.

ब्लूजची बांधणी तशी साधी, एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. जात्यावर बसलेल्या बायका ओवीत पहिली ओळ घोळवून मग सासूला, नणंदेला, प्रसंगी नवऱ्यालाही जे सुनवायचं ते शेवटी सुनावतात, त्यामुळं आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारणच नाही. पहिल्या वेळी ओळ ऐकायची, दुसऱ्या वेळी ती तीच ओळ कशी बदलून म्हणते ते ऐकायचं. शब्द तेच, जोर दुसऱ्याच शब्दावर. हे एकदा पकडलं की मग १६० गाणी सारखी वाटत नाहीत. नाही पकडलं तर दहाव्या गाण्याला झोप लागेल, खोटं कशाला सांगा.

चौथ्या भागात 'पुअर मॅन्स ब्लूज', ऑगस्ट १९२८. माझ्या मते तिनं लिहिलेलं सगळ्यात धारदार. श्रीमंत साहेबाला उद्देशून आहे. सुरुवात अगदी विनवणीची, साहेब, जरा मन उघडा, गरिबाला संधी द्या. मग हळूहळू सूर बदलतो, तुम्ही हवेलीत राहता, तुमची बायको राणीसारखी, इकडं कामगाराची बायको उपाशी. मग म्हणते, लढाई लढला तो गरीबच ना, उद्या पुन्हा लढेल तोही गरीबच. आणि शेवटी प्रश्न, की हा गरीब नसता तर तुम्ही केलं काय असतं साहेब? सगळं त्याच संथ, सभ्य चालीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आमच्या गावात आहे, आजूबाजूच्या खेड्यांत फौजेत गेलेला माणूस कुणाच्या नात्यात नाही असं घर सापडणार नाही, आणि पेन्शनच्या कागदासाठी हेलपाटे घालणाऱ्या म्हाताऱ्या पण आम्हीच बघतो, त्यामुळं ही ओळ ऐकली की मी तरी गाणं म्हणून ऐकू शकत नाही. मंदी यायला अजून वर्षभर होतं बरं का, म्हणजे जमाना चांगला चालला होता तेव्हा हे लिहिलंय.

पैशाचं सांगायलाच हवं. पहिल्या करारात तिला एका गाण्याचे १२५ डॉलर ठरले, रॉयल्टी नाही. पहिलीच रेकॉर्ड, 'डाउनहार्टेड ब्लूज', सहा महिन्यांत सात लाख ऐंशी हजारांच्या आसपास खपली असं सांगतात. करा गुणाकार. तरी बाई गरीब राहिली नाही, स्टेजवरनं तिनं रग्गड कमावलं, त्या काळात काळ्या कलाकारांत सगळ्यात जास्त पैसे घेणारी तीच होती म्हणतात, आणि १९२५ साली तिनं आपल्या कंपनीसाठी रेल्वेचा आख्खा डबा विकत घेतला. थाट म्हणून घेतला असं वाटेल, पण दक्षिणेत काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नव्हती, स्वतःच्या डब्यात झोपायचं, डबा गाडीला जोडायचा आणि पुढच्या गावी. पुढं मंदी आली, रेडिओ आला, बोलपट आले, १९३१ ला कोलंबियानं सोडलं. १९३३ ला जॉन हॅमंड या गोऱ्या तरुण निर्मात्यानं तिला परत स्टुडिओत आणलं तेव्हा गाण्यामागं साडेसदतीस डॉलर मिळाले. तिनंच त्याला सांगितलं की आता ब्लूज नको, लोक आधीच कावलेत, काहीतरी उडतं दे. ती चार गाणी पाचव्या भागात आहेत आणि ती ऐकून हळहळ वाटते, कारण मागं नवा स्विंगचा, म्हणजे नाचाच्या जॅझचा, ठेका आहे आणि बाई त्यावर इतक्या आरामात बसलीय की आणखी दहा वर्षं सहज काढली असती.

आता बेसीच्या नावावरचे ते प्रसिद्ध किस्से. १९२७ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या काँकर्ड गावी तिचा तंबू पाडायला कू क्लक्स क्लान या काळ्यांना छळणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची माणसं आली, खुंट्या उपटायला लागली, तर हिनं बाहेर येऊन मूठ उगारून अशा शिव्या घातल्या की ती पांढरे झगे घातलेली माणसं पळाली. न्यूयॉर्कला बड्या गोऱ्या लेखकाच्या पार्टीत यजमानीणबाई गळ्यात पडून पापा घ्यायला आल्या तर त्यांना ढकलून दिलं. आवडली तर बाईवरही प्रेम करायची आणि फारसं लपवायची नाही. ख्रिस अल्बर्टसन यांनी लिहिलेल्या चरित्रात हे सगळं आहे आणि वाचायला मजा येते, मलाही आली. पण होतं काय की लोक हेच सांगत बसतात. जशी काही ती गाणारी नव्हतीच, नुसती भांडखोर होती. पुरुष गवय्याच्या तऱ्हेवाईकपणाचे किस्से त्याच्या गाण्यानंतर येतात, बाईचे आधी, आणि मग गाण्यापर्यंत कुणी पोचतच नाही. मी तर म्हणेन किस्से विसरा, 'पुअर मॅन्स ब्लूज' ऐका, क्लानवाल्यांना हाकललं त्यापेक्षा त्यात जास्त हिंमत आहे.

सगळंच गोड आहे असं नाही. पहिला भाग सलग ऐकवत नाही, नुसता पियानो, तोही कधीकधी इतका लाकडी की वाजवणाऱ्याला घरी जायची घाई असावी, आणि चाली एका वेगाच्या. चारपाच ऐकून बंद करायचं. १९२८ नंतर द्व्यर्थी गाण्यांचा मारा सुरू होतो, बाजारात तेच खपत होतं, स्वयंपाकी, भट्टी, लोणी, सगळ्याचा अर्थ एकच. लावण्या ऐकून वाढलेल्या माणसाला त्यात धक्का बसायचं काही नाही. 'एम्टी बेड ब्लूज' मध्ये चार्ली ग्रीनचा ट्रॉम्बोन जे चावटपणे कण्हतो ते फर्मासच आहे, पण तसल्याच दहा गाण्यांनंतर बेसीच कंटाळलेली ऐकू येते. आणि एक गाणं मला अजून पचत नाही, 'टेन्ट नोबडीज बिझनेस', १९२३. मी काहीही करीन, कुणाच्या बापाचं काय जातं, असा मोठा ताठ सूर, आणि त्यातच येतं की नवरा सोडून जाण्यापेक्षा मारलं तरी चालेल. गाणं दुसऱ्यांनी लिहिलेलं, खरं. पण गायलंय तिनं, तेवढ्याच ठामपणे, आणि तिचा नवरा तिला मारायचा हेही चरित्रात आहेच. काळ्यांच्या चळवळीतल्या लेखिका अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या त्यांच्या पुस्तकात या ओळींबद्दल लिहिलंय, की मार खाण्याची गोष्ट निदान चारचौघांत उघड बोलली तरी जात होती. मुद्दा पटतो, ओळ तरीही खुपते. मी ते गाणं ऐकते, मध्येच उठून जात नाही, पण आवडतं असं म्हणणार नाही. (त्या पुस्तकात मा रेनी आणि बेसीच्या गाण्यांचे शब्द उतरवून दिलेत, ज्यांना ऐकून कळत नाही त्यांनी ते समोर घेऊन बसावं. संचाबरोबरच्या पुस्तिकेची अक्षरं इतकी बारीक की चष्म्यावर भिंग लागेल.)

एक गोष्ट फॉरवर्ड होऊन होऊन खरीच वाटायला लागलीय म्हणून लिहिते, की गोऱ्यांच्या हॉस्पिटलनं दारातनं परत पाठवल्यामुळं बेसी मेली. तसं झालेलं नाही. २६ सप्टेंबर १९३७ ला मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ पहाटे गाडीला अपघात झाला, तिला काळ्यांच्या हॉस्पिटलातच नेलं, हात कापावा लागला, तरी वाचली नाही. अफवा हॅमंडच्या एका लेखामुळं पसरली. जे खरं आहे तेही काही कमी वाईट नाही. अंत्ययात्रेला फिलाडेल्फियात हजारो माणसं आली आणि नंतर १९७० पर्यंत कबरीवर साधा दगड नव्हता, तो शेवटी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिननं आणि हुआनिता ग्रीन या बाईंनी मिळून बसवला.

कुठनं सुरुवात करावी असं विचाराल तर दुसरा किंवा तिसरा भाग, हातात पैसे एकाचेच असले तर तिसराच घ्या, त्यात पूर आहे, तरुण बाई आहे, जो स्मिथ आहे, आवाजही माईकवरचा, स्वच्छ. मग चौथा. पहिला सगळ्यात शेवटी. ब्लूटूथच्या त्या छोट्या डबीवर लावू नका, जॉन्सनचा डावा हात ऐकू येत नाही आणि तो नाही तर पूर पण नाही.

पाचव्या भागाच्या दुसऱ्या सीडीवर गाणी नाहीत, तिच्या नवऱ्याची भाची रूबी, जी तिच्याबरोबर वर्षानुवर्षं फिरली, तिच्या मुलाखती आहेत. इंग्रजी कळणाऱ्या कुणाच्याही समोर लावायच्या लायकीच्या नाहीत. मी दुपारी स्वयंपाकघरात लावली, सासरे हॉलमध्ये पेपर वाचत होते, आर्मीतनं रिटायर्ड, इंग्रजी चांगलं. दहा मिनिटांनी आतनं आवाज आला, "सूनबाई, ही कोण बाई आहे ती खरं बोलालीय, पण जरा हळू बोलू दे तिला."